२३ वीरगळ, एक जुना कॅमेरा, एक फोन : कामाच्या नोंदी

१४ डिसेंबर २०२४, शनिवार

आज सुरुवात केली. गावातल्या २३ वीरगळांचे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळांचे, फोटो काढायचे आहेत. अट एकच: आमचं गाव कधीही न पाहिलेल्या माणसाला नुसत्या फोटोवरून दगडावरची माणसं, जनावरं, शस्त्रं मोजता आली पाहिजेत. फोटो देखणा नसला तरी चालेल, वाचता आला पाहिजे.

कारण दिवाळीत घडलं. भैरोबाच्या देवळाची रंगरंगोटी निघाली आणि पारावरच्या एका दगडाला चकचकीत ऑइलपेंट लागला. माझ्या यादीत तो ११ नंबर. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, देवाचं म्हणून भक्तीनंच रंगवला. पण त्यावर आधी काय काय होतं हे सांगायला गावात एक धड फोटो सापडेना. माझ्या फोनमध्ये २०१६ चा एक निघाला. त्यात वहिनी आणि मी उभ्या आहोत आणि मागे एक करडा ठोकळा आहे. वीर कुठे, घोडा कुठे, काही कळत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दगड असे आहेत: देवळाच्या उत्तरेकडच्या पारावर पूर्वेला तोंड करून १४, ओढ्याकाठी उत्तरेला तोंड करून ५, आणि इकडेतिकडे विखुरलेले ४. सगळे काळ्या बेसाल्टचे. बहुतेक कमरेएवढे.

हाताशी दोन यंत्रं. दादानं २००७ साली घेतलेला छोटा डिजिटल कॅमेरा: सात मेगापिक्सेल, चारपट झूम, दोन पेन्सिल सेल. त्यात ॲपर्चर म्हणजे उजेडाचं छिद्र, शटर म्हणजे ते उघडं राहण्याचा वेळ आणि आयएसओ म्हणजे उजेडाला किती संवेदनशील, हे सगळं हातानं ठरवता येतं, म्हणून तो मला अजून मोलाचा वाटतो. दुसरा माझा फोन. खोक्यावर ५० मेगापिक्सेल लिहिलंय, पण तो चार-चार पिक्सेलचा एक करून साडेबाराचाच फोटो देतो. आपल्या कामाला तेवढं भरपूर आहे.

सकाळी आठला पोहोचले. कोवळं ऊन थेट दगडांवर पडलेलं, दगड सोन्यासारखे उजळलेले. चाळीसेक फोटो काढले आणि दुपारी नानांना दाखवले. नाना आमचे शेजारी, वय ७८, जन्म पाथरवटकीत गेला. पंचक्रोशीतल्या पाट्या-वरवंट्यांना टाकी त्यांनीच लावलेली. त्यांना विचारलं, नाना, ७ नंबरवर खाली गाई किती? त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"चार हायत... का पाच. समोरनं उजेड घेतलायस पोरी. पाट्याला टाकी बसली का न्हाई हे बघायला आम्ही पाटा उन्हाला आडवा धरायचो. ऊन दगडावरनं घासून गेलं पायजे."

पहिल्या दिवसाचे सगळे फोटो रद्द.

१५ डिसेंबर, रविवार

नानांचं बोलणं तपासायला दिवसभर एकाच दगडापुढे, ७ नंबरपुढे बसले. दोन विटा, त्यावर ज्वारीची छोटी पिशवी, पिशवीत रुतवून कॅमेरा. ही बैठक तिपाईपेक्षा बरी, कारण दगड बुटके आहेत आणि कॅमेरा दगडाच्या मध्यावर, म्हणजे जमिनीपासून दीड फुटावर यायला हवा. उभं राहून खाली रोखून काढला, की वरचा भाग मोठा आणि पायथा निमुळता येतो. दर अर्ध्या तासाला एक फोटो.

आठ ते दहा: सपाट. फोटोत दगडाचा रंग छान, कोरीव काम गायब. साडेदहा: कडा जाणवायला लागल्या. साडेअकरा: घोड्याचा लगाम वेगळा दिसला. बारा वाजून दहा मिनिटं: मी बसल्या जागी ताठ झाले. अख्खा दगड जागा झाला होता. प्रत्येक आकृतीला उजव्या अंगाला बारीक काळी सावली, वीराच्या ढालीचा गोल, त्याच्या पाठीवरच्या गाठीसुद्धा. साडेबाराच्या आसपास ऊन दगडावरून निघून गेलं.

हे नेमकं त्या वेळी का होतं, ते रात्री वहीत मांडलं. पूर्वेकडे तोंड असलेल्या उभ्या दगडाला सकाळी ऊन समोरून लागतं, म्हणून सावली पडत नाही. सूर्य माथ्याकडे येईल तसं ऊन दगडाच्या पृष्ठाला समांतर होत जातं आणि बोटभर उंचवट्याचीही सावली लांबते. आपल्याकडे सूर्य मध्यावर येतो तो घड्याळातल्या बाराला नव्हे. घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि आमचा वाई तालुका ७४ अंशांच्या थोडा अलीकडे, म्हणून अर्ध्या तासाहून जास्त उशीर. वर ऋतूप्रमाणे काही मिनिटं इकडेतिकडे. आज साडेबाराला आला, जानेवारीच्या मध्यावर पावणेएकला येईल. म्हणजे पारावरच्या दगडांना मला दिवसाकाठी फक्त पाऊण तास मिळतो.

सकाळ-संध्याकाळचं ऊन फोटोला चांगलं, हे मीही सगळ्यांसारखं मानत आले होते. माणसाच्या चेहऱ्याला ते चांगलंच. पण दगडाला कोणतं ऊन मानवतं हे त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्यावर ठरतं.

संध्याकाळी नानांपुढे बारा-दहाचा फोटो धरला. त्यांनी बोट टेकवत मोजलं.

"सहा. आन् ह्यो शेवटचा गाय न्हाई, वासरू हाय. मान वर करून आईकडं बघतंय."

मी परत बघितलं. खरंच. आजवर शेकडो वेळा त्या दगडापुढून गेले आहे.

२१ डिसेंबर, शनिवार

भाचा आला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, हात स्थिर आणि डोळे चांगले. आधी त्याला दगड वाचायला शिकवलं. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाला लढाई किंवा गाई पळवणाऱ्यांशी झुंज, नाहीतर पडलेला वीर. त्यावर अप्सरा त्याला वर नेताना. त्याच्यावर वीर शिवलिंगाची पूजा करताना. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची कीर्ती राहो. शब्दही कन्नड वळणाचा, 'कल्लु' म्हणजे दगड. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे, हे ऐकून तो फारच रंगला. मला वाटतं, ज्याचा फोटो काढायचा ते काय आहे हे कळलं की हात आपोआप योग्य जागी थांबतो. अप्सरेचा हात कुठे असायला हवा हे ठाऊक असलं, तर तो फोटोत आलाय का हे तपासायची बुद्धी होते.

आजचा मुख्य विषय: काळा दगड काळा येत नाही. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतो. चौकटभर काळा बेसाल्ट दिला की त्याला अंधार वाटतो, तो उजेड वाढवतो, आणि दगड राखेसारखा फिकट होऊन बारीक रेषा त्यात बुडतात. एक्सपोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, उणे दोन-तृतीयांश केलं आणि दगड परत दगडासारखा झाला. उलट, मागे चुन्याची भिंत चौकटीत आली की कॅमेरा घाबरून सगळंच काळोखं करतो. तिथे भिंत चौकटीबाहेर ठेवायची, किंवा अधिककडे जायचं. प्रत्येक दगडाचे तीन फोटो ठरवले: उणे एक, उणे दोन-तृतीयांश, उणे एक-तृतीयांश. घरी जाऊन एक निवडायचा.

शेंदूर अवघड आहे. डोळ्यांना त्यात उंचसखल दिसतं, फोटोत मात्र एक केशरी गोळा. लाल रंगाची नोंद आधीच काठोकाठ भरते आणि पुढे त्यात फरक उरत नाही. उणे दीडपर्यंत खाली गेल्यावर भैरोबाच्या मिशीचा आकडा दिसला.

२२ डिसेंबर, रविवार

फोन आणि कॅमेरा शेजारी-शेजारी ठेवून पारावरचे तेच दगड, ११ नंबर सोडून १३.

फोननं मला आधी निराश केलं. बाराच्या उन्हात समोर एवढ्या सुरेख सावल्या आणि फोटोत त्या अर्ध्या पुसलेल्या. भाच्यानं कारण शोधलं. फोन एका दाबात अनेक फोटो घेतो आणि ते एकत्र करून सावल्या उजळतो, उजेड दाबतो. घरात, लग्नात हे उपयोगाचं. पण आमचं सगळं वाचन त्या सावल्यांवरच चाललंय. म्हणून ही सोय, एचडीआर, बंद. ज्या फोनमध्ये ते पूर्ण बंद होत नाही तिथे प्रो मोड. तोही नसला तर दगडाच्या उजळ भागावर बोट दाबून धरायचं, फोकस आणि उजेड कुलूपबंद झाल्याची खूण आली की शेजारची सूर्याची खूण खाली ओढायची. एवढं केल्यावर फोनचा फोटो जुन्या कॅमेऱ्याच्या तोडीचा आला, सावलीतल्या कोपऱ्यात तर जास्त स्वच्छ.

दुसरं, अंतर. फोनचं मुख्य भिंग रुंद असतं. फूट-दीड फुटावरून काढलं की मधला भाग फुगतो आणि वीराचं पोट मोठं दिसतं. दोन-अडीच मीटर मागे जाऊन दुप्पट झूम केल्यावर दगडाच्या कडा सरळ आल्या. कॅमेऱ्यातही तेच: झूम अगदी रुंद टोकाला न ठेवता मध्यावर, ॲपर्चर एफ/४. एफ/८ वर सगळं जास्त रेखीव येईल अशी माझी समजूत होती, पण एवढ्याशा सेन्सरवर छिद्र फार बारीक झालं की उजेड पसरतो आणि उलट मऊ येतं. घोड्याच्या लगामावर दोन्ही करून पाहिलं, फरक स्पष्ट आहे. आयएसओ ८०, हललं जाऊ नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर.

तिसरं, भिंग पुसणं. हे मी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. देवळात तेलाच्या समईला, शेंदराला हात लागतो आणि तोच हात फोनच्या मागे. बोटाचा एक ठसा पडला की उजळ कडेभोवती धुकं येतं आणि सावल्या दुधाळ होतात. नानांनी धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचा तुकडा दिला आहे. दर दगडाआधी पुसायचं.

एक गोष्ट भाच्यानं दाखवली ती लक्षात ठेवण्यासारखी. ४ नंबरवर वीराच्या डोक्याजवळ फोननं धारदार रेषा दाखवल्या, जणू काही अक्षरं. जवळून पाहिलं तर ते दगडफूल होतं. फोन स्वतःच कडा टोकदार करतो, आणि दगडफुलाचे पांढरट डाग त्याला कोरीव वाटतात. कॅमेऱ्याच्या फोटोत ते डागच दिसत होते. म्हणून काही वाचलं असं वाटलं की परत दगडापाशी जाऊन बोटानं खात्री करायची, मगच वहीत लिहायचं.

५ जानेवारी २०२५, रविवार

आज काम थांबवून दुरुस्ती करावी लागली.

आम्ही दगडाशेजारी दहा सेंटिमीटरची काळी-पांढरी पट्टी ठेवतो, उंची कळावी म्हणून. पट्टी तालुक्याच्या गावी एका दुकानात छापून आणली होती. आज सहज फूटपट्टी लावली तर ती ९.६ सेंटिमीटर भरली. छापताना कागदावर मावेल असं करा हा पर्याय चालू राहिला होता, आणि मी मोजून घेतलं नव्हतं. चूक माझी. झालेल्या १३ दगडांच्या नोंदीत प्रत्येक पानावर लाल शाईनं लिहिलं: 'पट्टी ९.६'. आता शंभर टक्के आकारात छापून, मोजून, पुठ्ठ्यावर चिकटवली आहे. पट्टी दगडावर टेकवायची नाही, बाजूला, पण दगडाच्या पृष्ठाच्या बरोबरीनं धरायची. पुढे आली तर मोठी दिसते आणि माप चुकतं.

तारखांचंही तेच. कॅमेऱ्यातली बटणाएवढी बॅटरी संपलेली असल्यानं पेन्सिल सेल बदलले की घड्याळ पुसलं जातं, आणि २१ तारखेचे सगळे फोटो भलत्याच वर्षात जाऊन बसले. यापुढे दिवसाचा पहिला फोटो फोनच्या पडद्यावरच्या घड्याळाचा. नंतर काहीही बिघडलं तरी त्यावरून वेळ लावता येते.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

सुट्टी होती म्हणून गेले, पण कॅमेरा बराच वेळ पिशवीतच ठेवला. विखुरलेल्या चारांपैकी १९ नंबर ही सतीशिळा आहे, सती गेलेल्या बाईच्या स्मरणाची. कोपरात वाकलेला हात, मनगटात चुडा. गल्लीतल्या आजी रोज तिला पाणी घालतात. आज त्यांनी हळदकुंकू वाहिलं, तीळगूळ ठेवला. त्यांची बोटं दगडावरून फिरताना मी पाहत होते. जिथे मला काहीच दिसत नव्हतं तिथे त्यांची बोटं एकेका बांगडीवर थांबत होती.

"आजी, फोटो काढू का?"

"माजा नको. तिचा काड. चुडा नीट येऊ दे."

ओल्या दगडावर आभाळ चमकतं आणि कोरीव काम झाकलं जातं. तासभर थांबले. वाळल्यावर काढला. फुलं, तीळगूळ तसंच ठेवलं. गुरवकाकांशी आधीच बोलणं झालंय: पूजेआधीचा मोकळा दगड हवा असेल तर ते पहाटे निर्माल्य काढतील तेव्हा यायचं, आपण काही हलवायचं नाही. पाणी ओतायचं नाही, घासायचं नाही. काही हौशी लोक कोरीव रेषांत खडू किंवा पीठ भरतात म्हणजे फोटो ठसठशीत येतो. मला ते मुळीच पटत नाही. खडू भरणारा त्याला दिसलेली रेषा भरतो, आणि पुढच्या प्रत्येकाला तीच दिसते. शिवाय घासताना दगड झिजतो तो परत येत नाही.

१९ जानेवारी, रविवार

ओढ्याकाठचे पाच. उत्तरेकडे तोंड, आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो. यांना ऊन लागतच नाही. दिवसभर निळसर सावली. सावलीतल्या फोटोत दगडाचा बाह्याकार येतो, बाकी सगळं पिठासारखं.

कपाटाचा जुना आरसा काढला. दीड बाय दोन फूट. भाचा चारेक मीटरवर उन्हात उभा राहिला आणि त्यानं कवडसा दगडावर टाकला, बाजूनं, जवळजवळ घासून. नानांना मुद्दाम बैलगाडीच्या वाटेनं हळूहळू आणलं होतं, ते दगडी बांधावर बसून सांगत होते. "आजून तिरपा. आजून. हां, आता धर." आणि २१ नंबरवरचे तीन धनुर्धारी एकामागे एक उभे राहिले.

अडचण अशी की कवडसा थांबत नाही. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे चार मीटरवर कवडसा सात सेंटिमीटर. भाच्याला सारखा आरसा वळवावा लागतो. म्हणून सगळी मांडणी, पट्टी, फोकस आधी करून ठेवायचं आणि कवडसा शेवटी घ्यायचा. दुसऱ्या अंगाच्या सावल्या फार काळ्या झाल्या तर तिकडे पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा धरायचा, थोडा उजेड परत येतो. थोडाच हवा. ओढ्यापलीकडे रस्ता आहे, आरसा कुणाच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून आधी तिकडे पाठ करून उभं राहायचं.

डावीकडून आणि उजवीकडून असे दोन-दोन फोटो घेतले. ते वेगवेगळं सांगतात. बाजूच्या उजेडात उभ्या रेषा निघतात, धनुष्य, पाय, खांब. आडव्या रेषा, म्हणजे पट्टे, जमीन, घोड्याची पाठ, त्यांना उजेड वरून लागतो. एकाच फोटोत सगळा दगड मावत नाही, हे आज पक्कं झालं.

२५ जानेवारी, शनिवार, रात्री

आज हातातली बॅटरी, म्हणजे टॉर्च, वापरून पाहिली, अंधारात. चंद्र उशिरा उगवणार होता. कॅमेरा ज्वारीच्या पिशवीवर, दोन सेकंदांचं शटर, आयएसओ ८०. पहिल्या फोटोत दगडाची डावी कड पांढरीफटक आणि उजवी काळी, कारण बॅटरी फार जवळ होती. भाच्याला दोन मीटर मागे पाठवलं, उजेड सारखा झाला, फक्त शटर चार सेकंदांवर न्यावं लागलं. रात्रीचा मोठा फायदा असा की उजेड आपल्या हाती असतो. डावा, उजवा, वरचा, खालचा, चारही मिळतात. थंडी फार होती.

२ फेब्रुवारी, रविवार

चंदन-वंदन गडांच्या पायथ्याशी किकलीला जाऊन आलो, आमच्याच तालुक्यात. भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात कितीतरी वीरगळ आहेत. काम करायला नव्हे, पाहायला गेलो होतो. तरी झाडाच्या कवडशांत एक दगड दिसला आणि हात शिवशिवले. पानांतून येणारे उन्हाचे ठिपके कोरीव कामाशी इतके मिसळतात की काहीच वाचता येत नाही. भाच्यानं छत्री धरून ठिपके अडवले, मी बाजूनं फोनची बॅटरी लावली. जमलं. काळी छत्री पिशवीत कायम ठेवायची.

१६ फेब्रुवारी, रविवार

११ नंबर. ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं.

मी त्याला आतापर्यंत टाळत होते. आज सव्वाबाराला बसले. ऑइलपेंटचा थर उन्हात काचेसारखा चमकतो, जिथे चमक तिथे पांढरा डाग, आणि डागाखाली काही नाही. एक्सपोजर कितीही खाली नेलं तरी डाग डागच राहतो.

भाच्याचा गॉगल पोलराइज्ड, म्हणजे चमक अडवणारा आहे. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर धरून फिरवला की पडदा काळा होतो, त्यावरून कळतं. तो फोनच्या भिंगापुढे धरून हळूहळू फिरवला. एका जागी चमक मावळली. पूर्ण नाही, पण तिरकं बसून काढल्यावर निम्म्याहून अधिक. मग रात्री परत आलो. उजेड रंगावर आपटून थेट भिंगात येणार नाही अशा बेतानं बॅटरी अगदी पृष्ठालगत धरली.

रंगाखाली दगड आहे. थर जाड आहे, कडा गोल झाल्यात, पण उंचवटा बुजलेला नाही. तळाला घोडा, पुढचे पाय वर. समोर दोन माणसं, एकाच्या हातात भाला. मधल्या पट्ट्यात अप्सरा, दोन की तीन ते ठरेना. वर शिवलिंग आणि शेजारी बसलेला नंदी. चंद्र दिसला, सूर्याच्या जागी रंगाचा ओघळ आहे.

नानांना दुसऱ्या दिवशी सकाळी छापून दाखवला, मोठ्या कागदावर. त्यांनी चष्मा पुसला, वेळ घेतला. घोडा एक, माणसं दोन, भाला एक. अप्सरांवर बोट ठेवून थांबले.

"तीन. मधलीचा हात त्याच्या खांद्याखाली हाय. बघ, उचलताना तसाच धरावा लागतो."

मी वहीत लिहिलं: अप्सरा ३, नानांच्या सांगण्यावरून, दगडावर बोटानं खात्री बाकी. रंग काढायचा प्रयत्न कुणी करू नये असं गुरवकाकांना विनवलं आहे. तो जाणकारांचा विषय आहे, घरगुती थिनरचा नाही.

२३ मार्च, रविवार

२२ दगड पूर्ण. २३ नंबर जुन्या विहिरीच्या पायरीत उलटा बसवलेला आहे, त्याची एकच कड दिसते, तेवढीच घेतली.

आज घरी बसून नावं दिली: दगडाचा क्रमांक, तारीख, उजेडाची बाजू. 'आयएमजी ०३४२' या नावाचा दहा वर्षांनी कुणालाही उपयोग नाही. मूळ फाइल कॉपी करून दोन ठिकाणी, एक माझ्याकडे, एक शाळेच्या संगणकावर. भाच्यानं काही फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवले होते ते लहान होऊन आले, वासराची मानच गेली. आता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, किंवा पेन ड्राइव्ह. प्रत्येक दगडाचा एक फोटो छापून ग्रंथालयात वहीसह ठेवणार.

एक गोष्ट ध्यानात आली. परवा २० तारखेला दिवस-रात्र समान झाली. आता सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवणार. म्हणजे ओढ्याकाठच्या पाचांना सकाळी खरं ऊन लागायला हवं. आज सकाळी जाऊन पाहिलं, कड फक्त उजळली. महिनाभर थांबायचं.

२० एप्रिल, रविवार

सव्वासहाला ओढ्यावर पोहोचलो. भाचा, मी आणि नाना. आरसा आणला नव्हता. डोंगरामागून सूर्य वर यायला वीस-पंचवीस मिनिटं गेली. मग डाव्या हाताकडून, अगदी घासून, ऊन २१ नंबरवर आलं. धनुर्धारी तीन, हे आम्हाला जानेवारीपासून ठाऊक होतं. आरशाचा कवडसा दीड-दोन फुटांचा, तो खालच्या दोन पट्ट्यांपलीकडे कधी गेलाच नव्हता. आज उन्हानं अख्खा दगड एकदम उजळला, माथ्यापर्यंत.

काढला. उणे दोन-तृतीयांश, एफ/४, दोन सेकंदांचा टायमर. सातच्या सुमारास परत, साडेसातला परत, आठला परत. पावणेनऊला ऊन दगडावरून गेलं.

नाना बांधावरून उठून दगडापाशी आले. फोटोकडे त्यांनी पाहिलं नाही. अंगठा माथ्याजवळच्या एका बारीक खाचेवर ठेवला.

"ही टाकी घसरलीय," म्हणाले. "ज्यानं केला त्याची."

साडेसातच्या फोटोत ती खाच आली आहे. वहीत नोंदवली: २१ नंबर, वरचा पट्टा, डावीकडे, सुमारे दोन सेंटिमीटर.